मोडणाऱ्यानं फोन करायचा

टॅनर विकस्ट्रम कॉलेज अर्धवट सोडून गेला ही बातमी कॉपर पॉइंट गावाला किराणा दुकानाच्या गल्ल्यावर कळली, आणि त्याला हेरून कॉलेजच्या हॉकी संघात आणणाऱ्या रेनो हौतालालाही तिथेच कळली. गल्ल्यावरच्या डोरीननं सलगम वजनकाट्यावर टाकले आणि फोन त्याच्यापुढे धरला. टॅनरच्या हातात पेन, पुढ्यात कागद, मागे व्यावसायिक संघाचा झेंडा, दोन्ही अंगांना आई आणि बाप. लग्नाच्या फोटोत हसावं तसे तिघे हसत होते.

"दोन वर्षं पोसलंत, तिसऱ्या वर्षी पाखरू भुर्र," डोरीन म्हणाली. "तुम्हाला तर आधीच ठाऊक असेल म्हणा."

"असायला हवं होतं," रेनो म्हणाला.

कॉपर पॉइंटमध्ये आठ महिने बर्फ आणि चार महिने बर्फाच्या गप्पा. तांब्याच्या खाणी बंद पडल्या तेव्हापासून गावाकडे अभिमान बाळगायला एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे कॉलेजचा आइस हॉकीचा संघ. गावात डॉक्टर दोन, दंतवैद्य एक आणि हॉकीतले जाणकार चार हजार, कारण लोकवस्तीच तेवढी. त्या चार हजारांचं एकमत कधी होत नसे. टॅनरच्या बाबतीत झालं: पोरगं नमकहराम निघालं.

रेनोनं मात्र मनातल्या मनात त्याला अर्धी सूट दिली. वीस वर्षांच्या पोरापुढे आयुष्यभराचं स्वप्न वाढून ठेवल्यावर तो हात आखडून बसेल, अशी अपेक्षा धरणाराच वेडा. उरलेली अर्धी सूट तो देऊ शकला नाही, कारण टॅनरनं फोन केला नव्हता.

फोनाची गोष्ट अशी. रेनो एकतीस वर्षं त्या कॉलेजचा साहाय्यक प्रशिक्षक होता आणि त्याचं काम पोरं हेरायचं. गावाला लागलेल्या मोठ्या सरोवराच्या दोन्ही काठांवर, इकडे अमेरिकेत आणि पलीकडे कॅनडात, ज्या गावात रिंक, म्हणजे हॉकीचं बर्फाचं मैदान, होतं त्या गावातल्या एखाद्या तरी स्वयंपाकघरात त्यानं कॉफी प्यालेली होती. पोरगं पंधराचं असताना त्याच्या आईबापासमोर हातात हात द्यायचा. जागा तुझी, तू आमचा. कागद व्हायला अजून तीनेक वर्षं असत. तोवर सगळं त्या हातावर चाले, आणि दुसऱ्या कॉलेजांचे लोक हात दिलेल्या पोराच्या दाराकडे फिरकत नसत. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण पाळत सगळे. आणि त्या रिवाजाचं एक शेपूट होतं: कुणाला शब्द मोडायचाच असेल तर मोडणाऱ्यानं स्वतः फोन करायचा. आईनं नाही, बापानं नाही. स्वतःच्या तोंडानं "मी येत नाही" म्हणायचं, शिव्या ऐकायच्या, आणि मोकळं व्हायचं.

असे अकरा फोन रेनोला एकतीस वर्षांत आले होते. अकराही पोरांना तो नाताळात शुभेच्छांचं कार्ड पाठवायचा. न केलेल्या फोनांची संख्याही त्याला पाठ होती, पण ती तो कुणाला सांगत नसे.

ऑगस्टअखेरच्या एका गुरुवारी मुख्य प्रशिक्षक गॅव्हिन प्रेलनं त्याला खोलीत बोलावलं. प्रेल बेचाळीसचा. कधीकाळी रेनोच्याच हाताखाली खेळलेला, त्याच्याच बायकोच्या हातचा वेलदोड्याचा पाव खाऊन वाढलेला. आता साहेब होता. गेल्या वर्षी संघ सातवा आला होता आणि यंदा पहिल्या चारांत आला नाही तर प्रेलला सामान बांधावं लागणार, हे त्या चार हजार जाणकारांनी त्याला आडून नाही, तोंडावर सांगितलं होतं.

"मॅथ्यू गेला," प्रेल म्हणाला.

"कोण मॅथ्यू?"

"शार्लबुआ. तुझा कॅनडाचा. त्याच्या कौटुंबिक सल्लागाराचा फोन होता. पोर्ट लॅव्हेलच्या ज्युनियर संघात चाललाय. शनिवारी दुपारी दोनला पहिला सामना."

कौटुंबिक सल्लागार हा प्राणी त्या खेळातच सापडतो. तो कुटुंबातला नसतो आणि त्याचा सल्ला फुकट नसतो. दलाल ठेवलेल्या पोराला कॉलेजात खेळता येत नाही, म्हणून दलालाला कुणी दलाल म्हणत नाही, एवढाच त्या नावाचा अर्थ.

रेनो उभा होता तो खुर्चीत बसला. टॅनरची गोष्ट वेगळी होती, टॅनर दोन वर्षं खेळून गेला. हा पोरगा अजून यायचा होता. शिवाय त्या काळी नियम असा होता की कॅनडातल्या त्या मोठ्या ज्युनियर लीगमध्ये एक सामना खेळलात, सरावाचा का असेना, की अमेरिकेतल्या कॉलेज हॉकीचं दार जन्मभरासाठी बंद. कारण तिथे पोरांना थोडाबहुत भत्ता मिळे, आणि भत्ता घेणारा तो व्यावसायिक.

"पोरगा स्वतः बोलला?" रेनोनं विचारलं.

"नाही. सल्लागार."

"मग मी जाऊन येतो."

"कशाला? जाऊ दे ना, रेनो. पावणेतीनशे मैलांवर जाऊन ऐकणार काय? एक पोरगा गेला, दुसरा आणू."

"त्यानं मला फोन केलेला नाही. त्याच्या तोंडून ऐकीन आणि परत येईन."

प्रेल खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुला कुणी अडवलंय?" आणि मग थोड्या वेळानं, "वाटेत ब्लाइंड रिव्हरच्या अलीकडे ते टर्कोटचं कुटुंब आहे. पंधरा वर्षांचा गोलरक्षक. परतताना तिथे उतर. बाप म्हणतो, रेनो हौताला हात देणार असेल तर आम्ही तयार."

घरी आयलानं, रेनोच्या बायकोनं, मांस-बटाटा-सलगम भरलेल्या पेस्ट्या भट्टीतून काढल्या. आपल्या करंजीची थोराड बहीण म्हणावी अशा. त्यांतल्या दोन फडक्यात गुंडाळताना म्हणाली, "पोराला बदडायला चाललायस की समजवायला?"

"विचारायला."

"तीन वर्षं तू त्या पोराचं नाव घेत होतास. स्वतःच्या मुलाचं इतकं घेतलं नाहीस कधी."

"आपल्या मुलाला स्केटिंग येत नाही."

"त्याला फोन करता येतो," आयला म्हणाली. "दर रविवारी करतो."

रेनोनं गाडीची किल्ली शोधायला घेतली. किल्ली हातातच होती.

शनिवारी पहाटे निघून सरहद्दीवरचा पूल ओलांडून तो अकराच्या आत शार्लबुआंच्या दारात पोहोचला. वाटभर त्यानं बोलणं जुळवलं होतं. आधी शांतपणे विचारायचं, मग सांगायचं, मग जमलं तर वळवायचं. दोनपर्यंत तीन तास होते. वळला तर गाडीत घालून न्यायचा. नाही वळला तर निदान डोळ्यांत बघून म्हणायचं, की बाबा रे, कुत्रं पाळलं असतं तर त्यानं शेपूट हलवून तरी निरोप घेतला असता.

दार मॅथ्यूच्या आईनं उघडलं. गिलेन शार्लबुआ, शाळेच्या बसची चालक, आवाज त्याच पट्टीतला. दर खेपेला ती "आलात का, या, बसा, वाळलात" अशी सुरुवात करायची. आज तिनं दारातच हात कमरेवर ठेवले.

"तुम्हाला यायला जमलं म्हणायचं," ती म्हणाली.

"मला?" रेनो म्हणाला. "गिलेन, मी रागावून आलोय, तुम्ही नाही."

"असं? मग आत या. दोघं मिळून रागावू."

स्वयंपाकघर तेच होतं. त्याच टेबलाशी तीन वर्षांपूर्वी हात दिला होता. नवरा खाणीत पाळीवर होता. मॅथ्यू टेबलाशी बसून काठीच्या पात्याला काळी पट्टी गुंडाळत होता. अठरा वर्षांचा, खांदे आता दारात मावेनासे झालेले, आणि मान अजून तशीच कोवळी. रेनोला बघून तो उठला नाही. पट्टी गुंडाळतच राहिला.

"शब्द दिला होतास तू मला," रेनो म्हणाला. जुळवलेलं बोलणं पुलापलीकडेच राहिलं होतं. "यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं. फोन करायचास. एका फोनाला काय लागतं रे? दोन मिनिटं. मी शिव्या दिल्या असत्या आणि विसरलो असतो."

मॅथ्यूनं पट्टी तोडली. "मी कशाला फोन करू, कोच? मोडणाऱ्यानं करायचा ना? तुम्हीच शिकवलंत."

"मग?"

"मग मी वाट बघत होतो. जूनपासून."

रेनोनं आधी पोराकडे बघितलं, मग आईकडे. गिलेन चुलीकडे तोंड करून उभी होती. रागावलेल्या माणसाची पाठ सरळ असते. तिची वाकलेली होती.

"कसली वाट?"

"कोच प्रेलनी जूनमध्ये सल्लागाराला सांगितलं," मॅथ्यू म्हणाला, "की यंदा जागा नाही. पोरगा अजून कच्चा आहे, एक वर्ष थांबू दे, कदाचित दोन. पुढचं पुढे बघू. मी सल्लागाराला म्हटलं, रेनो कोचना विचारतो. तर तो म्हणाला, विचारू नकोस, त्यांना सगळं माहीत आहे. प्रेल म्हणालेत की रेनो कोचनाच फार लागलंय, त्यांना फोन करवत नाहीये, थोडा वेळ द्या. मी म्हटलं, करतील. रेनो कोच आहेत, उशिरा का होईना, करतील." त्यानं काठी भिंतीला टेकवली. "जुलैत मी फोन उशाशी घेऊन झोपायचो."

"मी इथे म्हणत होते," गिलेन वळून म्हणाली, "की त्या माणसानं माझ्या टेबलावर तीन वर्षांत निदान पंधरा वेळा जेवण केलं. गेल्या नोव्हेंबरात कागद यायचा होता तो आला नाही, तेव्हा मी तुम्हाला विचारलं. आठवतंय? तुम्ही काय म्हणालात?"

रेनोला आठवत होतं. तो म्हणाला होता, कागदाचं काय घेऊन बसलात, मी आहे ना.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"काय?"

"यातलं काहीच मला माहीत नव्हतं, गिलेन. मला परवा सांगितलं. पोरगा पळाला म्हणून सांगितलं."

गिलेननं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. शाळेच्या बसमध्ये तीस पोरं खोटं बोलत असताना खरं बोलणारं एक हुडकायची तिला सवय होती. मग तिनं खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बसा. वाळलात."

रेनो बसला. सकाळपासून त्यानं जो राग जपून आणला होता तो आता कुणाच्या पदरात टाकायचा हे त्याला कळेना. पोरानं केसानं गळा कापला म्हणून तो धावत आला होता. सुरी घरातलीच निघाली. आणि ती इतके दिवस त्याच्याच हातात होती, त्याच्याच हातानं चालत होती, हे जास्त लागलं.

घड्याळात साडेअकरा झाले होते. त्यानं मान वर केली. "मॅथ्यू, ऐक. सरोवराच्या त्या टोकाला माझा जुना दोस्त दुसऱ्या कॉलेजचा प्रशिक्षक आहे. तीन वर्षांपूर्वी त्याला तू हवा होतास. मी हात दिला म्हणून तो मागे सरला आणि त्यानं पुन्हा तुझं नाव काढलं नाही. मी आत्ता त्याला फोन करतो. सांगतो, पोरगा मोकळा आहे, चूक आमची. तो जानेवारीत तरी तुला घेईल. तू आज खेळू नकोस फक्त. एकदा त्या बर्फावर उतरलास की दार बंद. मग तुझं शिक्षण..."

"ते संघाकडून मिळेल, कोच. जितकी वर्षं खेळीन तितक्या वर्षांची फी. कागदावर आहे."

"कागदावर," रेनो म्हणाला.

"आणि पोर्ट लॅव्हेलचे कोच इथे आले होते. म्हणाले, पहिलं वर्ष तू चौथ्या, शेवटच्या फळीत बसशील, कंटाळशील, मला शिव्या देशील. पण जागा तुझी. मी त्यांना हात दिलाय." पोरगा आता पहिल्यांदा उठला. "आज नाही गेलो तर मी कोण झालो? माझी जागा ठेवून ते कुणा दुसऱ्याला नाही म्हणाले असतील."

शब्द पाळण्याचं वेड रेनोनंच त्या पोराच्या अंगात भिनवलं होतं. चांगलं भिनलं होतं. आता ते काढून घ्यायला तो पावणेतीनशे मैल आला होता.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. आणि खिशातला फोन खिशातच राहू दिला.

आयलाच्या पेस्ट्या तिघांनी वाटून खाल्ल्या. मॅथ्यूनं दीड खाल्ली. गिलेन म्हणाली, सलगम जरा कमी असतं तर बरं झालं असतं. रेनो म्हणाला, हे आयलाला सांगू नका, पूल ओलांडून भांडायला येईल. मॅथ्यू हसला, आणि हसताना पुन्हा पंधराचा दिसला. तेवढं हसणं रेनोला सोसलं नाही. तो हात धुवायला उठला.

रिंकमध्ये गिलेननं त्याचं तिकीट काढलं. "आमचे पाहुणे आहात," म्हणाली. दोनला पाच मिनिटं असताना संघ बर्फावर उतरला. रेनोला वाटलं होतं, काहीतरी होईल. भोंगा वाजेल, दार आपटल्याचा आवाज होईल. तसलं काही झालं नाही. चौथ्या फळीची पाळी आली, मॅथ्यू कठड्यावरून उडी टाकून आत गेला, चाळीस सेकंद खेळला आणि परत येऊन बसला. एवढ्यात सगळं झालं. आता जगातलं कुठलंही अमेरिकन कॉलेज त्याला खेळवू शकत नव्हतं, आणि शेजारचा बाबा शेंगदाणे सोलत होता.

"डावा पाय सुधारलाय," रेनो अभावितपणे म्हणाला. "वळताना बसायचा आधी."

"उन्हाळाभर तेच करत होता," गिलेन म्हणाली. "म्हणायचा, रेनो कोच आले की दाखवीन."

पहिला डाव संपल्यावर तो बाहेर आला आणि त्यानं प्रेलला फोन लावला.

"भेटला?" प्रेलनं विचारलं.

"भेटला. बोलला. आईसमोर."

पलीकडे खोलीचं दार लावल्याचा आवाज आला.

"त्याची जागा कुणाला दिलीस, गॅव्हिन?"

"सोमवारी येतोय एकजण. पूर्वेकडच्या कॉलेजातून. तेवीसचा आहे. लग्न झालंय त्याचं. टॅनर जाणार हे मला मेमध्येच कळलं होतं, म्हणून दोन मोठी माणसं घेतली, एक त्याच्या जागी, एक पोराच्या. रेनो, अठरा वर्षांची पोरं घेऊन मी पहिल्या चारांत येणार नाही. आलो नाही तर मी गेलो, आणि माझ्याबरोबर तूही. मी तुझाही विचार केला."

"माझा विचार केलास तर मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू पुन्हा त्या टेबलाशी बसू शकला असतास? किंवा टर्कोटांच्या? तुझा चेहरा खरा आहे, म्हणून लोक आपल्याला पोरं देतात. माझा बघून नाही देत, मला माहीत आहे. तो खरा राहावा म्हणून तुला खरं सांगत नाही मी. यात तुझा अपमान नाही."

रेनो वाहनतळावर उभा होता. हवेत अजून उन्हाळा होता आणि रिंकच्या दारातून थंडी बाहेर येत होती. आपण एकतीस वर्षं माणसांना जे देत आलो ते आपल्याकडून कुणीतरी उसनं नेत होतं आणि पुढे खोटं म्हणून खपवत होतं, हे त्याला सावकाश उमगत गेलं. मॅथ्यूच्या आधीची पोरं त्याच्या डोळ्यांपुढून गेली. फोन न करणारी. ज्यांना त्यानं कार्डं पाठवली नव्हती. त्यांतली कितीजण त्याच्या फोनाची वाट बघत बसली असतील, हे आता विचारायचं तरी कुणाला?

"टर्कोटांकडे काय सांगू?" त्यानं विचारलं.

"जे नेहमी सांगतोस ते. पोरगा चांगला आहे, रेनो. तीन वर्षांनी लागेल आपल्याला. लागला तर."

फोन ठेवून रेनोनं दुसरा नंबर लावला. टर्कोट पहिल्याच घंटीला आले. मागे भांड्यांचे आवाज, कुत्र्याचं भुंकणं, आणि एक बाई विचारत होती की त्यांना मासा चालतो का.

"या, या!" टर्कोट म्हणाले. "पोरगा सकाळपासून अंघोळ करून बसलाय. तुम्ही आलात की आम्ही दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही. तुमचा हात म्हणजे झालं."

"मी येतो म्हणालो होतो, म्हणून येईन," रेनो म्हणाला. "मासाही चालतो. पण पोराच्या जागेबद्दल मला विचारू नका. मी जे सांगीन ते मला खरं वाटत असेल, पण ते खरं असेलच असं नाही. मला आमच्याकडे खरं सांगत नाहीत."

भांड्यांचे आवाज थांबले. टर्कोट बोलले त्यात राग नव्हता, त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं.

"मग तुम्ही कशाला येता?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. आत दुसऱ्या डावाची शिट्टी झाली.

"मग राहू दे," तो म्हणाला. "मुलाला सांगा, मी स्वतः फोन केला होता."

आणि तिकिटाचा तुकडा दाखवून तो पुन्हा आत गेला. गिलेननं त्याच्या खुर्चीवर कोट ठेवून जागा धरली होती.